दहा मिनिटांत जुनं परत

माझ्या धाकट्या भावाला आम्ही घरात परत्या म्हणतो. पुढे त्याच्या ऑफिसातही हेच नाव सुरू झालं. मी तिथे जाऊन सांगितलेलं नाही हो. त्याच्यासोबत चार दिवस काम केलं की लोकांना आपोआप सुचतं.

नाव पडायचं कारण असं, की हा बाबा कुठलीही गोष्ट करायच्या आधी ती मागे कशी घ्यायची ते ठरवतो. मग ती करतो. आणि मग बहुतेक वेळा मागेच घेतो.

बूट घ्यायचे झाले तर पावती खिशात, बूट पायात, आणि हा घरातल्या घरात चादरीवर आठवडाभर चालणार. का, तर तळ मळायला नको. मुदत संपायच्या आदल्या दिवशी बूट दुकानात परत. तो दुकानदार आता याला लांबून बघितलं तरी शटर अर्धं ओढून घेतो. न्हाव्याकडची गोष्ट तर आमच्या गल्लीत अजून सांगतात. हा खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आधी फक्त डावी बाजू कापा. मग दहा मिनिटं थांबू. मी 'ठीक आहे' म्हटलं तरच पुढे जायचं." न्हावी बिचारा सज्जन माणूस. अर्धं डोकं कापून त्याने कात्री खाली ठेवली, बाकावरची गिऱ्हाईकं ताटकळली, आणि हा आरशात बघत गप्प. दहा मिनिटं झाल्यावर म्हणतो कसा, "मी काही बोललो नाही. आता पहिल्यासारखं करा." न्हाव्याने कपाळाला हात लावला. "दादा, कापलेले केस परत चिकटवायची सोय आमच्याकडे अजून आलेली नाही." शेवटी मी जाऊन याला धरून ठेवलं आणि उजवी बाजू कापून घेतली.

ही खोड त्याला नोकरीने लावली की जन्मापासून होती, यावरून माझं आणि आमच्या ह्यांचं अजून वाजतं. हे म्हणतात जन्मजात. मी म्हणते नोकरी. लहानपणी हाच पोरगा भिंतीवरून धाडकन उड्या मारायचा, तेव्हा कुठे विचारायचा मागे कसं जायचं ते?

त्याची कंपनी शहरभराचे जबडे सांभाळते. थट्टा नाही करत. दातांच्या दवाखान्यात आता तोंडात एक छोटा कॅमेरा फिरवून जबड्याचा आकार टिपतात. तो आकार कुठेतरी साठवून ठेवावा लागतो, म्हणजे कवळी हरवली, तुटली, नातवाने खिडकीतून टाकली, तर पुन्हा माप द्यायला नको. तर ते 'कुठेतरी' म्हणजे माझ्या भावाच्या ऑफिसातली एक थंडगार खोली. तिथे चार मोठी यंत्रं आहेत. चारही मिळून एकच कोठार, आणि एकेका यंत्राला हे लोक नोड म्हणतात. प्रत्येक जबडा एकाहून जास्त नोडांवर ठेवलेला असतो, म्हणजे एखादा नोड बंद पडला तरी गावातल्या म्हाताऱ्यांचं काही अडत नाही.

नवा नोड आणला की आधी त्याला नेटवर्कच्या सेटिंग द्याव्या लागतात. जेवताना मी हे इतक्या वेळा ऐकलंय की आता मला उठवून विचारलं तरी सांगेन. त्याचा स्वतःचा पत्ता, म्हणजे घर नंबर. मग मास्क, म्हणजे आपली गल्ली कुठून कुठपर्यंत. आणि गेटवे, म्हणजे गल्लीतून बाहेर पडायचं तोंड. एवढं नीट लिहिलं की नोड शेजारच्या नोडांशी बोलतो, बाहेरच्या दवाखान्यांशी बोलतो. एक आकडा चुकला की तो खोलीत जिवंत उभा असतो, दिवे लुकलुकत असतात, आणि बाहेरच्या कुणाच्या हाकेला ओ देत नाही. आता गंमत ऐका. ही मंडळी बरेचदा हे काम नोडसमोर उभं राहून करत नाहीत. लांब कुठेतरी बसतात आणि त्याच नेटवर्कवरून नोडला सांगतात, बाबा रे, तुझं नेटवर्क बदल. ज्या फांदीवर बसायचं तिच्यावरच कुऱ्हाड. चुकलं की नोड गप्प, आणि तुम्ही बाहेर.

म्हणून त्यांच्यात एक रीत आहे. बदल करायच्या आधी जुन्या सेटिंगची प्रत काढून ठेवायची, आणि नोडला बजावायचं, दहा मिनिटांत माझ्याकडून 'ठीक आहे' आलं नाही तर जुनं परत लाव. रीत शहाणपणाची आहे, मी नाव ठेवत नाही. पण बाकीचे लोक ती रीत ऑफिसात ठेवून घरी येतात. आमचा हा ती घेऊन घरी आला आणि तिच्याशीच संसार करायला लागला.

आम्ही सगळे एकाच घरात राहतो, पण एकदा याने वेगळं राहायचं ठरवलं. छान खोली बघितली, गॅलरी होती, उजेड होता. सामान हलवलं, पण इथली गादी घालूनच ठेवायला लावली आईला. मोबाईलमध्ये दहा दिवसांचा गजर. दहाव्या दिवशी गजर वाजला आणि हा टॅक्सीत सामान टाकून दारात हजर. मी विचारलं, "अरे, आवडलं नाही का?" म्हणाला, "आवडलं होतं. पण 'ठीक आहे' म्हणायचं धाडस झालं नाही." आईला काय, लेक घरी आला, ती खूश. मी मात्र त्या दिवशी तोंडाला येईल ते बोलले. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि आई गेली, त्या दिवशी सगळे लोक गेल्यावर हा तिच्या कॉटशेजारच्या खुर्चीत नुसता बसून राहिला. मी म्हटलं, "झोप रे आता." म्हणाला, "झोपतो, जरा थांबतो." कशासाठी थांबतो ते मी विचारलं नाही.

तर असा हा माणूस. चव्वेचाळिशी गाठली, केस मागे सरकले (ते मात्र परत आले नाहीत), आणि लग्नाचं नाव नाही. मी आशा सोडली होती. आणि मग दातवाली आली.

दातवाली म्हणजे कवळ्या करणारी. तिचा स्वतःचा छोटा कारखाना आहे, दवाखान्यांकडून मापं येतात, ही दात घडवते. एकदा तिच्याकडे एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या नावावर भलत्याच कुणाचा जबडा आला. हिने त्यावरून कवळी केली. ती घातल्यावर बाईंचं तोंड मिटेना. दातवाली तरातरा थेट कंपनीच्या ऑफिसात गेली, पिशवीतून ती कवळी काढली आणि परत्याच्या टेबलावर ठेवली. "हा कुणाचा जबडा आहे ते सांगा, आणि माझ्या बाईंचा कुठे आहे तेही सांगा!" परत्या घाबरला. पण त्याने बसून एकेक नोड धुंडाळला आणि बाईंचा जबडा शोधून दिला. मग म्हणाला, "ही कवळी परत घेऊ का आम्ही?" दातवाली म्हणाली, "मी परत घेत नाही आणि परत करत नाही. दात लावले की पहिला आठवडा सगळेच म्हणतात, टोचतात, नको, घेऊन जा. मी ऐकतच नाही. तोंडाला सवय व्हावी लागते."

परत्याने घरी येऊन हे मला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा होता, जणू कुणी त्याला सांगितलंय की माणसाला पाण्यात श्वास घेता येतो.

मग फोन सुरू झाले. आधी जबड्यांवरून, मग कशावरूनही. मला ती पहिल्या भेटीतच आवडली. बोलायला फटकळ, हात कामाचे, आणि हसताना सगळे दात दाखवून हसणार. धंद्याची जाहिरातच. एकदा माझ्याकडे स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता तिने सांगितलं, की तिचं एकदा ठरलं होतं. हॉल घेतला होता, माणसं जमली होती. तो आलाच नाही. भावाला पाठवलं, निरोप सांगायला. "ताई," ती म्हणाली, "नाही म्हणायचं असेल तर माणसाने तोंडावर म्हणावं. मी मरत नाही त्याने. पण मागच्या मागे निघून गेलेला माणूस मला पुन्हा बघायचा नाही. एकदाच पुरे झालं." हातातलं ताट तिने इतकं पुसलं, इतकं पुसलं, की मीच ते काढून घेतलं.

म्हणून लग्न नोंदणीची तारीख ठरली तेव्हा आनंद झाला, आणि धास्तीही. मी परत्याला दम भरला होता, "या वेळेला काही थेरं केलीस तर माझ्याशी गाठ आहे." तो म्हणाला, "नाही करत." आणि नजर चुकवली. तिथेच मला कळायला हवं होतं.

नोंदणीच्या आठवड्यातच कंपनीचा एक जुना नोड मेला. उरले तीन. त्या तिघांवर सगळ्या शहराच्या तोंडाचं ओझं, आणि परत्याचे साहेब हवालदिल. नवा नोड आला तो नेमका लग्नाच्या दिवशी सकाळी. परत्या म्हणाला, "बसवतो, सेटिंग देतो आणि येतो. किती वेळ लागतोय?" दुपारी तो नोंदणी कार्यालयात आला खरा, पण बगलेत लॅपटॉप. नवा शर्ट, नवी पँट, आणि लॅपटॉप. मी म्हटलं, "हे काय, ही सवत कशाला आणलीस?" म्हणाला, "असू दे गं, लागला तर."

लागलाच. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो, मी, आमचे हे, दातवाली आणि हा. आमच्या ह्यांनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटलेले. साक्षीदार म्हणून आणलेला माणूस. तेवढ्यात साहेबांचा फोन. इतका मोठा आवाज की बाकावरच्या सगळ्यांना ऐकू गेला. "अरे, नवा नोड बाहेरच्या एकाही दवाखान्याला दिसत नाहीये! तू काय करून गेलायस?"

परत्याने लॅपटॉप उघडला आणि शेजारच्या नोडमधून वाट काढत नव्या नोडपर्यंत पोचला. "गेटवे चुकलाय," तो पुटपुटला. "एक आकडा." आणि कामाला लागला. त्याचं ते ठरलेलं असतं, बदल, प्रत, दहा मिनिटांची घंटा. बोटं भराभर चालत होती. मध्येच दातवालीने विचारलं, "इंजिनिअर, पेन आणलंयस का सहीला?" त्याने खिसे चाचपले, पेन दिलं, पुन्हा बोटं. तेवढ्यात आतून शिपायाने पुकारा केला. आमचा नंबर. परत्याने शेवटचं बटण दाबलं, आणि पडदा गोठला.

"गेला," तो म्हणाला.

"कोण गेला?" आमचे हे दचकून जागे झाले.

"नोड. आता माझंही ऐकत नाहीये. दुसराच आकडा चुकला बहुतेक." पण तो शांत होता. "काही नाही, दहा मिनिटांत आपोआप जुनं परत येईल." आणि लॅपटॉप उघडाच तळहातावर तोलत तो आत शिरला. नवरदेव आहे की हॉटेलातला वेटर, बघणाऱ्याला कळलं नसतं.

नोंदणी करणाऱ्या बाई चष्म्यावरून बघत होत्या. दिवसभर लोकांची लग्नं लावून त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा दिवसभर चपात्या लाटून माझा होतो. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलं. नावं विचारली, वयं विचारली. मग म्हणाल्या, "दोघंही स्वखुशीने, कुठल्याही अटीशिवाय लग्न करताय ना?"

"हो," दातवाली म्हणाली.

"एक विचारू का?" परत्या म्हणाला.

मी त्याला मागून कोपराने ढोसलं.

"यात मागे जायची काही सोय असते का?"

बाई म्हणाल्या, "घटस्फोट असतो. त्यासाठी कोर्ट आहे, इथे नाही."

"तो हाताने करावा लागतो," परत्या म्हणाला. "अर्ज, तारखा, सगळं. मी आपोआप होणाऱ्याबद्दल विचारतोय. म्हणजे ठरावीक वेळात दोघांपैकी कुणी 'ठीक आहे' असं कळवलं नाही, तर सगळं पहिल्यासारखं."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, दोघांपैकी कुणीच काही कळवत नाही, सगळं तसंच चालू राहतं, यालाच लग्न म्हणतात."

दातवाली खळखळून हसली. तिला वाटलं, याची नेहमीची गंमत. मी हसले नाही. मी याला ओळखते. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"काय रे?" मी म्हटलं. "काय करून ठेवलंयस?"

त्याने खिशातला मोबाईल काढला आणि टेबलावर ठेवला. "नोंदणीची तारीख ठरली ना, त्या दिवशी गजर लावला होता. आजच्या चारचा. तोवर मी मनाशी 'ठीक आहे' म्हटलं नाही, तर मी तिला लग्नाचं विचारलं ते रद्द. जुनं परत." आवाज इतका खाली गेला होता, की बाई पुढे वाकल्या. "मी तिला सांगितलं होतं तेव्हा."

दातवालीचं हसू तसंच राहिलं, पण नुसते दातच उरले. "मला वाटलं तू चेष्टा करतोयस," ती म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला थोडाच वेळ उरला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बंद कर ते आधी!" मी मोबाईलवर झडप घातली.

"ताई, नको." त्याने माझा हात धरला. "ते बंद करणं म्हणजेच 'ठीक आहे' म्हणणं. असं हिसकावून नाही म्हणता येत."

"मग म्हण ना मुडद्या! एवढे दिवस काय करत होतास?"

"रोज म्हणायला जात होतो," तो म्हणाला. "रोज वाटायचं, आणि माझ्यामुळे ती सुखी झाली नाही तर? मग कसं परत फिरायचं?"

बाईंनी घसा साफ केला. "बाहेर अजून लोक आहेत हो."

तेवढ्यात साहेबांचा फोन, त्याच मोबाईलवर, टेबलावर थरथरत. परत्याने उचलला. "दहा मिनिटं होऊन गेली!" साहेब किंचाळले. "नोड कुठाय?" परत्या लॅपटॉपवर झुकला. हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा असा बघितला. त्याचं 'जुनं परत' आलं नव्हतं. तो डोळे मिटून बोटं हवेत हलवायला लागला, मघाशी बाकावर काय काय दाबलं ते आठवत. मग बोटं थांबली.

"मी आधी बदल केला," तो म्हणाला, "आणि मग प्रत काढली. उलटं झालं. म्हणजे जुनं म्हणून जे जपून ठेवलं, ते नवंच होतं. नोडने दहा मिनिटांनी इमानदारीत जुनं परत लावलं, आणि तेच चुकलेलं पुन्हा लावलं."

"मग आता?" साहेब फोनमधून.

"आता तिथे जाऊन, समोर उभं राहूनच करावं लागेल."

"मग ये की! तू कुठे आहेस?"

"लग्नात."

"कुणाच्या?"

"माझ्या."

साहेब म्हणाले, "हे बघ, लग्न उद्याही होईल. आणखी एक नोड गेला तर उद्या जबडे नसतील. ताबडतोब नीघ." आणि फोन ठेवला.

दातवाली उठली. खांद्याला पिशवी अडकवली. तिचा आवाज चढला नाही, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली. "जा तू," ती म्हणाली. "जबड्यांसाठी जा, गजरासाठी जा, कशासाठीही जा. मी इथे बसून बघणार नाही. मागच्या वेळी मी हॉलमध्ये संध्याकाळपर्यंत बसले होते, खुर्च्या उचलायला आले तेव्हा उठले. या वेळी मी आधी उठते."

"अगं, थांब गं," मी म्हटलं. मला रडू यायला लागलं होतं आणि रागही, दोन्ही एकदम. "याला अक्कल नाही, पण हा वाईट नाही गं."

"मला माहीत आहे ताई, वाईट नाही. वाईट असता तर सोपं होतं."

आणि गजर वाजला.

तो गजरही त्याचा असा मुळमुळीत, ट्रिंग ट्रिंग, बसक्या आवाजाचा. बाईंच्या टेबलावर, त्यांच्या शिक्क्यांच्या शेजारी वाजत राहिला. कुणीच हात लावला नाही. परत्या उभा राहिला. लॅपटॉप मिटला. मोबाईल उचलून गजर थांबवला, आणि नियम म्हणजे नियम, हा दाराकडे चालायला लागला. माझा भाऊ, माझा सख्खा भाऊ, गजर वाजला म्हणून स्वतःच्या लग्नातून उठून चालला होता. धरून दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं.

"जा!" मी ओरडले. "जा तुझ्या जुन्यात! कुणी अडवलंय? काय ठेवलंय रे तिथे एवढं?"

तो दारात थांबला. कडीवर हात. मी रागाने विचारलं होतं, पण तो विचारात पडला. त्याला काहीही विचारा, तो खरंच उत्तर शोधतो.

"उठायचं," तो म्हणाला. "चहा ठेवायचा. चहा उकळेपर्यंत हिला फोन, आज कुणाचे दात करायला घेतलेस विचारायचं. मग ऑफिस. दुपारी डबा खाताना हिचा फोन. संध्याकाळी हिच्या कारखान्याच्या पायरीवर बसायचं, ही हात धुऊन येईपर्यंत." मग मान हलवली. "नाही, हे नाही. याच्या आधीचं."

आम्ही सगळे बघत होतो. बाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

"आधी… उठायचं. चहा ठेवायचा." तो अडला. वळून माझ्याकडे बघितलं, गर्दीत हात सुटलेलं पोर बघतं तसं. "ताई, चहा उकळेपर्यंत आधी मी काय करायचो?"

मी तोंड उघडलं. त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात मी त्याला इतकी वर्षं बघत आले होते. आणि खरं सांगते, मलाही आठवेना.

"उभा राहायचास," मी म्हटलं. "चहाकडे बघत."

"कुणाशी बोलायचो?"

"कुणाशी नाही रे."

त्याने कडीवरचा हात काढला आणि हळूच म्हणाला, "प्रत उशिराच काढली मी. जुनं म्हणून जे आहे ना माझ्याकडे, त्यातही हीच आहे. तिच्याआधीचं काही नाहीच लावायला."

दातवाली पिशवीसकट तशीच उभी. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मोबाईलवर साहेब पुन्हा थरथरायला लागले. त्याने उचलून म्हटलं, "साहेब, तीन नोड आहेत. संध्याकाळपर्यंत ओढतील. मी सही करून येतो," आणि साहेब बोलत असतानाच फोन बंद करून टाकला. गजर नव्हे, अख्खा फोन.

"मागे जायची सोय नकोय?" तिने विचारलं.

"नको."

"उद्या भीती वाटली तर?"

"वाटेल," तो म्हणाला. "उद्या वाटेल, परवाही वाटेल. पण मागच्या मागे जाणार नाही. तुझ्यासमोर उभा राहून सांगेन, मला भीती वाटतेय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. खोटे दात घडवणारी बाई. तोंडातलं खरं-खोटं तिला बघूनच कळत असणार. मग तिने पिशवी काढून आमच्या ह्यांच्या मांडीवर टाकली.

"चालेल," ती म्हणाली, आणि टेबलावरचं पेन उचलून तिनेच आधी सही केली.

मग त्याने केली. नंतर बाईंनी पेन माझ्याकडे सरकवलं, साक्षीदाराच्या जागी बोट ठेवलं, आणि मला ते बोटही नीट दिसत नव्हतं.